चष्म्यावरची वाफ

वाई डेपोत नाथाजी ड्रायव्हरला चष्मा लागलाय, हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक त्याची बायको बनुबाई आणि दुसरा त्याच्या गाडीवरचा कंडक्टर अनंत. तिसऱ्याला कळलं असतं तर गोष्ट डेपोत पोचायला वेळ लागला नसता. घाटातल्या ड्रायव्हरला चष्मा लागला की त्याला स्टेअरिंगवरून उठवून टायर मोजायला बसवतात, असं सगळे ड्रायव्हर एकमेकांना सांगत. खरंखोटं विचारायला साहेबाकडं कुणी गेलं नव्हतं. आपल्या पायानं चालत जाऊन ‘साहेब, मला कमी दिसतं’ असं सांगणारा शहाणा अजून जन्माला यायचा होता.

तेव्हा नाथाजीनं आपली एक पद्धत बसवली होती. स्टँडमधून गाडी उघड्या डोळ्यांनी काढायची. वाई मागं पडून पसरणीचा घाट लागला की खाकी शर्टाच्या खिशातून चष्मा काढायचा आणि पाचगणीचं स्टँड दिसायच्या आत परत खिशात घालायचा. चष्मा साताऱ्याला मोती चौकाजवळच्या एका दुकानातून केलेला. काड्या काळ्या, काचा पातळ, नंबर किरकोळ. गाडी चालवायला तो पुरेसा होता आणि लपवायला सोपा होता.

नाथाजीचं वय सेहेचाळीस. फौजेत पंधरा वर्षं ट्रक चालवून आलेला गडी. मूलबाळ नव्हतं. गावाकडं दीड एकर ऊस होता, तो बनुबाई बघायची. एस.टी.त आल्यापासून नऊ वर्षं त्यानं महाबळेश्वरच्या रस्त्यावर काढली, पण गाडीला ओरखडा नव्हता. वरच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका स्टँडवर आल्या की आधी विचारायच्या, ‘‘नाथाजीची गाडी हाय का?’’ नसली तर बोचकं मांडीवर घेऊन पुढच्या गाडीची वाट बघत बसायच्या. हे नाथाजीला ठाऊक होतं, आणि ते ऐकू आलं की तो मुद्दाम दुसरीकडं बघायचा. आयुष्यात त्यानं कमावलेलं म्हणजे एवढंच होतं. ते स्टेअरिंगवर बसल्यावर त्याचं होतं, खाली उतरल्यावर तो सहा फुटांचा एक पडेल चेहऱ्याचा माणूस होता.

एकाहत्तर सालच्या श्रावणात चष्म्यानं दगा द्यायला सुरुवात केली. त्या मुलखातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. गाडीत पन्नास माणसं, सगळी चिंब. ओली घोंगडी, ओली पोती, टोपल्यातल्या ओल्या कोंबड्या. खिडक्या बंद. शेजारी बॉनेट तापलेलं. माणसांच्या श्वासानं आत पाण्याची वाफ अशी कोंडायची की भाताच्या पातेल्यात बसल्यासारखं वाटावं. घाटाच्या तिसऱ्या वळणाला चष्म्याच्या काचा दुधाळ होऊन जायच्या. मग एक हात स्टेअरिंगवर आणि दुसऱ्या हातानं काच पुसायची. पुसली की वीस पावलं स्वच्छ, पुन्हा जैसे थे.

पुढच्या मोठ्या काचेवर काय करायचं ते सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतं. चिमूटभर तंबाखू ओल्या फडक्यात बांधून काचेवरून फिरवली की पावसाचं पाणी थांबत नाही, सरळ निथळून जातं. वायपर बंद पडला तरी माणूस निभावून नेतो. नाथाजीनं विचार केला, मोठ्या काचेला चालतं ते लहान काचेला का नाही? त्यानं चष्म्याला तंबाखू चोळली. पाचगणी येईपर्यंत डोळ्यांतून अशा धारा लागल्या की पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं अनंताला हळूच विचारलं, ‘‘ह्यांच्याकडं कुनी गेलं का वं?’’

मग कुणीतरी सांगितलं, बटाट्याची चकती. नाथाजी आठ दिवस खिशात अर्धा बटाटा घेऊन हिंडला. वाफ थोडी कमी धरायची, पण काचेवर पिठाचे ओरखडे उठायचे आणि खिशाला वास मारायचा. मग अनंतानं ओळखीच्या कंपाउंडरकडून स्पिरिट आणलं. ते घाटाच्या पायथ्याच्या पसरणी गावापर्यंतच टिकायचं. खिडकी उघडी ठेवून बघितली, तर पाऊस आत आला आणि मागच्या लोकांनी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

शेवटी त्याला फौजेतला उस्ताद आठवला. विषारी वायूचा मुखवटा घालायची कवायत असायची, त्यात मुखवट्याच्या काचांवर आतून श्वासाची वाफ धरायची. उस्ताद सांगायचा, कोरडा साबण बोटानं घास आणि मग काच कोरी दिसेपर्यंत कापडानं पुसत राहा. दिसायला काही राहत नाही, पण वाफ धरत नाही. नाथाजीनं घरी येऊन अंगाच्या साबणाची वडी घेतली, चष्म्याला चोळली, धोतराच्या मऊ फडक्यानं पाव तास पुसली आणि चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढून चष्मा वाफेवर धरला. काच लख्ख. त्यातून त्याला चुलीमागं बसलेली बनुबाई दिसली.

‘‘जमलं गं,’’ तो म्हणाला. ‘‘पंधरा वर्सं फौजेत काडली, त्याचा आज उपेग झाला.’’

‘‘मग त्या उस्तादाला जेवायला बलवा आता,’’ बनुबाई म्हणाली. ती पण खूश होती.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. चार दिवस नाथाजीनं राजासारखी गाडी चालवली. पाचव्या दिवशी आभाळ इतकं उतरलं होतं की दुपारीच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. परतीच्या फेरीला पाचगणीचं स्टँड मागं टाकून त्यानं चष्मा लावला, तेव्हा रस्त्यावरचा दिवा त्याला दिसला, आणि दिव्याभोवती एक कडं दिसलं. तांबडं, पिवळं, निळं. लहान पोरांच्या साबणाच्या फुग्यावर रंग हलतात तसे ते रंग होते. मग हळूहळू सगळ्या काचेवर धूर पसरला. नाथाजीनं चष्मा काढला, उघड्या डोळ्यांना तसंही अंधुकच दिसायचं, आणि काचा पुसून परत लावला. धूर तसाच. डावी भुवई ठणकायला लागली. घाट उतरताना त्यानं एका वळणावर गाडी कडेला घेतली, इंजिन तापलंय म्हणून सांगितलं आणि दहा मिनिटं डोळे मिटून बसला.

साबणाचे रंग म्हणजे साबण नीट पुसला गेला नाही, हे उघड होतं. निदान नाथाजीला ते उघड वाटलं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं. त्यानं साबण बदलला. अंगाचा सोडून कपड्याचा घेतला. मग लिंबाचा. मग दवाखान्यात वापरतात तो लाल, उग्र वासाचा. प्रत्येक साबण आठ-दहा दिवस बरा चालायचा, आणि एखाद्या अंधारून आलेल्या संध्याकाळी पुन्हा ते रंगीत कडं, तो धूर आणि तीच ठणकणारी भुवई. एकदोनदा उलटीही झाली. बनुबाई कपाळाला सुंठेचा लेप लावायची आणि बडबडायची, ‘‘घरात मानसं दोन अन् साबन सात. आवं, सातारला जाऊन डोळ्याच्या डाक्टरला तरी इचारा की!’’

‘‘काय इचारू? काचंवर वाफ धरतीया म्हनून? तो हसंल मला.’’

‘‘हसू दे. हसल्यानं काय भोकं पडत्यात?’’

‘‘आन् त्यानं कागदावर लिवलं म्हंजे? लिवल्यालं पुसायला साबन न्हाई मिळत कुटं.’’

यावर ती पुन्हा सुंठ उगाळायला लागायची. नवऱ्याला स्टेअरिंगवरून उठवल्यावर तो कसा दिसेल, हे तिलाही बघायचं नव्हतं.

अनंत वाईतल्या ब्राह्मणआळीतला, सरळ पोरगा. त्याला धास्ती वाटत होती. एके दिवशी वाटेत गाडी थांबलेली असताना त्यानं नाथाजीच्या हातातून चष्मा घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांना लावला. बाहेर पाऊस कोसळत होता.

‘‘नाथाजीराव, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय. थोडं वाकडं दिसतंय, पण स्वच्छ.’’

‘‘तुला नंबर न्हाई म्हनून,’’ नाथाजी म्हणाला आणि चष्मा काढून घेतला. तेवढं उत्तर त्याला पुरलं. अनंतालाही पुरलं, कारण दुसरं उत्तर दोघांनाही नको होतं.

दिवाळीनंतर पाऊस उघडला, आभाळ निवळलं आणि कडं दिसायचं कमी झालं. नाथाजीच्या डोक्यात हिशेब पक्का बसला. दोष साबणाचा नव्हता, दोष ह्या मुलखाचा होता. इथली हवाच ओली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होणार. माणसानं अशा ठिकाणी जावं जिथं पाऊसच नाही.

असं ठिकाण सांगली जिल्ह्यात होतं. कवठे महांकाळकडच्या फेऱ्यांवर लालासाहेब नावाचा ड्रायव्हर होता. त्याची सासुरवाडी वाईची, आणि तो तीन वर्षं अदलाबदलीसाठी माणूस शोधत होता. वाई सोडून त्या माळावर जायला तयार होणारा वेडा त्याला भेटत नव्हता. नाथाजीनं आपणहून निरोप धाडला, तेव्हा लालासाहेबाला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. डेपोत सगळे म्हणाले, नाथाजीला भूतबाधा झाली. बनुबाईनं दोन दिवस बोलणं टाकलं. फौजेतली पंधरा वर्षं तिनं एकटीनं काढली होती, आणि आता कुठं नवरा रात्री जेवायला घरी येत होता.

‘‘मी येऊ का संगं?’’ तिनं शेवटी विचारलं.

‘‘उसाकडं कोन बगंल? चार वर्सांचा तर प्रश्न हाय. मग रिटायर घेतो.’’

‘‘चार वर्सांनी तरी घरी बसून नुसतं माज्याकडं बगत ऱ्हावा,’’ ती म्हणाली, आणि त्याच्या ट्रंकेत धोतराचं एक मऊ फडकं घडी करून ठेवलं.

बहात्तरच्या जूनमध्ये नाथाजी कवठे महांकाळला आला. पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. विहिरी आटल्या, जनावरं बाजाराच्या वाटेला लागली. गाडीत बसलेली माणसं खिडकीतून एकसारखी वर बघायची. नवा कंडक्टर भाऊसो तिथलाच होता. तो प्रत्येक थांब्यावर उतरला की आधी आभाळाकडं बघायचा आणि मग तिकिटं फाडायचा.

नाथाजीही आभाळाकडं बघायचा. निळंभोर, टणक, ढगाचा ठिपका नसलेलं आभाळ. डोळे दिपवणारं ऊन. आणि त्या उन्हात त्याला लांबपर्यंत रस्ता दिसत होता. जून, जुलै गेला, एकदाही कडं दिसलं नाही. माणसं उपाशी मरायला टेकली होती आणि नाथाजी मनातून खूश होता. ही गोष्ट त्याची त्याला कळत होती. रात्री खोलीवर मिलोची, रेशनवरच्या परदेशी जोंधळ्याची, लालसर भाकरी मोडताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटायची की घास गिळवत नसे. गावच्या देवळात पावसासाठी नामसप्ताह बसला, तेव्हा तोही जाऊन बसला, टाळ हातात घेतला, पण तोंडानं नाव घेताना मनात काय येईल याची त्याला भीती वाटली. तो लवकर उठून आला.

भाद्रपदात एका दुपारी पूर्वेकडून ढग आले. काळेकुट्ट, जमिनीला टेकलेले. भाऊसोनं डबल बेल द्यायची सोडून टाळ्या वाजवल्या. गाडीतली माणसं उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं खिडकीतून हात बाहेर काढून तळवा वर धरला. अंधारून आलं, आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती नाथाजीला कडं दिसलं. तांबडं, पिवळं, निळं.

ढग तासभर थांबले आणि तसेच निघून गेले. एक थेंब पडला नाही. माणसं खाली बसली. नाथाजीचा धूर मात्र गेला नाही, तो रात्रभर राहिला. ‘हवेत ओल आली असंल,’ नाथाजीनं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा साबण आणला.

त्यानंतर आभाळ स्वच्छ असलं तरी संध्याकाळी धूर धरायला लागला. मग सकाळीही. त्यानं बनुबाईला पत्रात काही कळवलं नाही. पत्र लिहिताना ओळी एकमेकींवर चढत होत्या, म्हणून भाऊसोकडून लिहून घ्यायला लागला. ‘इकडे सर्व ठीक, चष्म्याचा त्रास अजिबात नाही,’ असं भाऊसो लिहायचा.

मार्गशीर्षात एके दिवशी तासगावहून परत येताना दिवस मावळतीला लागला होता. कवठे महांकाळच्या अलीकडं रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं. खडीचे ढीग दुतर्फा. नाथाजीच्या डोळ्यांपुढं धूर होता, पण त्याला सवय झाली होती. रस्त्याचा मधला पट्टा दिसत होता. तेवढ्यावर तो बेतानं, वीसच्या वेगानं गाडी नेत होता. अचानक डावीकडून ‘ठण्ण’ असा आवाज आला, बायकांची आरडाओरड झाली आणि भाऊसोनं बेलच्या दोरीला लोंबकळल्यासारखी घंटा वाजवली.

नाथाजीनं ब्रेक दाबला आणि खाली उतरला. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला. रस्त्यावर एक घमेलं उलटं पडलं होतं, चेपलेलं. ते जिच्या डोक्यावर होतं ती बाई, राहीबाई तिचं नाव, मान चोळत उभी होती. लागलं नव्हतं तिला. गाडीची कड घमेल्याला घासून गेली होती. चार बोटं आत असती तर डोक्याला लागली असती.

‘‘डोळं फुटलं का रं मुडद्या तुजं?’’ ती ओरडली. ‘‘तीस बाया वळीनं चालल्यात रस्त्यानं, दिसंना व्हय तुला?’’

नाथाजीनं मान पूर्ण डावीकडं वळवली. तेव्हा त्याला त्या दिसल्या. खडी फोडून परत निघालेल्या, डोक्यावर घमेली घेतलेल्या, तोंडं धुळीनं पांढरी झालेल्या बायका. रांग मागं लांबपर्यंत गेली होती. म्हणजे ह्या सगळ्या रांगेला घासून आपण गाडी आणली, आणि आपल्याला त्यातली एकसुद्धा दिसली नाही. तो तिथंच रस्त्यावर खाली बसला. राहीबाईला वाटलं, गडी नाटक करतोय. मग तिनं त्याचं तोंड बघितलं आणि तिचं ओरडणं थांबलं.

भाऊसो धावत आला. ‘‘आबा, काय झालं वं?’’

‘‘काचंवर वाफ धरलीया रं,’’ नाथाजी म्हणाला आणि चष्मा काढून त्याच्या हातात दिला. ‘‘पूस जरा. नीट पूस.’’

भाऊसोनं चष्मा उजेडाकडं धरला. काचेवरून बोट फिरवलं. बोटाला थोडी धूळ लागली.

‘‘आबा, वाफ कुटली आली हितं? चार म्हैनं झालं, गावात प्यायला पानी न्हाई. काच कोरडी ठनठनीत हाय.’’

नाथाजी त्याच्याकडं बघत होता. चष्मा भाऊसोच्या हातात होता. नाथाजीच्या डोळ्यांपुढं धूर तसाच होता, आणि धुराच्या पलीकडं भाऊसोचं तोंड, कडेकडेनं खाल्लेल्या भाकरीसारखं. त्यानं डोळे चोळले. परत उघडले. मग त्याला जे कळलं ते सव्वा वर्षापूर्वी त्या अनंताच्या तोंडून त्यानं अर्धं ऐकलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपण म्हणतो. ह्या माणसानं सव्वा वर्ष पखालीला औषध चोळलं होतं.

गाडीत चाळीस माणसं होती. भाऊसो खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, ‘‘आबा, गाडी बिगडली म्हनून लिवतो. कुनाला कळायचं न्हाई.’’

‘‘गाडीला नगं नाव ठेवू,’’ नाथाजी म्हणाला. ‘‘तिचं काय चुकलं न्हाई. डायवरला दिसत न्हाई म्हनून लिव.’’

माणसं उतरून चालत गावाकडं निघाली. बायकांची रांगही निघाली. जाताना राहीबाईनं चेपलेलं घमेलं उचललं, दोनदा मागं वळून बघितलं आणि गेली. नाथाजी चालकाच्या जागेवर जाऊन बसला नाही. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत तो मागं, सगळ्यात शेवटच्या बाकावर बसून राहिला.

भाऊसोनं त्याच संध्याकाळी बनुबाईला निरोप धाडला. एस.टी.वाल्यांचे निरोप टपालानं जात नाहीत. कवठे महांकाळच्या ड्रायव्हरनं मिरजेच्या ड्रायव्हरला सांगितलं, मिरजेच्यानं साताऱ्याच्याला, आणि साताऱ्याच्यानं सकाळी वाई डेपोत. ‘नाथाजीच्या डोळ्याला दिसत नाही, मिरजेला डॉक्टरकडं नेलाय, मंडळींना धाडा.’ जी गोष्ट दोन-तीन माणसांत दोन वर्षं राखली होती ती एका रात्रीत साठ कोसांवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला कळली.

मिरजेच्या डॉक्टरांनी नाथाजीला अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांत उजेड टाकला, बुबुळ दाबून बघितलं, एक डोळा झाकून बोटं मोजायला लावली. डाव्या डोळ्यानं त्याला बोटं दिसली नाहीत. हातही दिसला नाही. आपला डावा डोळा गेलाय हे त्याला त्या खुर्चीत बसेपर्यंत माहीत नव्हतं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की उजवा सगळं सांभाळून घेत होता.

‘‘दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘व्हय.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘गेल्या सालचा श्रावन.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘डोळ्याच्या आत पाण्याचा दाब वाढतो, त्याचं ते लक्षण. अंधारून आलं की जास्त होतं. तेव्हाच आला असतात तर छोटंसं ऑपरेशन करून दोन्ही डोळे वाचले असते. इतके दिवस काय करत होता तुम्ही?’’

‘‘साबन बदलत हुतो,’’ नाथाजी म्हणाला.

डॉक्टरांना ते कळलं नाही, आणि नाथाजीनं समजावूनही सांगितलं नाही. डावा डोळा गेला तो गेला, असं ते म्हणाले. उजव्याची मधली थोडी नजर राहिली आहे, नळीतून बघावं तशी. थेंब घालायचे, ऑपरेशन करायचं, म्हणजे ती काही दिवस टिकेल. किती दिवस, ते सांगता येत नाही. गाडीचं नाव काढायचं नाही.

दुपारी नाथाजी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. उजव्या बाजूला भाऊसो. ऊन पायाशी आलं होतं.

‘‘निरोप कशाला धाडलास?’’ नाथाजी म्हणाला. ‘‘मी सवडीनं सांगितलं असतं.’’

‘‘चुकलं, आबा.’’

‘‘सातारची गाडी येळंवर असंल तर येईल आता ती. हे बग, ती आली की तू काय बोलू नगंस. मी सांगतो. चष्म्याचा नंबर वाढलाय, जाड काचा लागतील, गाडी बंद, घरी बसायचं. एवडंच. डाव्याचं सांगायचं न्हाई. उजव्याचं तर न्हाईच न्हाई.’’

 भाऊसोची नजर नाथाजीच्या डाव्या खांद्यापलीकडं गेली होती. बाकाच्या त्या टोकाला बनुबाई बसलेली होती. ती येऊन बराच वेळ झाला होता. आल्या आल्या ती नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसली, त्यानं काही विचारलं नाही म्हणून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि हातभर अंतरावर बसलेली आपण ह्याला दिसत नाही हे तिच्या ध्यानात आलं. भाऊसो तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हातानं त्याला थांबवलं होतं.

‘‘म्हनायची, रिटायर झालासा की नुसतं माज्याकडं बगत ऱ्हावा,’’ नाथाजी म्हणाला. ‘‘उजवा डोळा हाय तवर बगून घेतो. तिला कशाला कळाय पायजे? पंधरा वर्सं फौज, नऊ वर्सं घाट, हे एक साल हितं. कवा बगितलंच न्हाई रं तिच्याकडं नीट. डोळं चांगलं हुतं तवा रस्त्याकडं बगत बसलो.’’

बनुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. थोड्या वेळानं ती आवाज न करता उठली, व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून अंगणात गेली, तिथं तोंड पुसलं, पदर सारखा केला आणि समोरून, उजव्या अंगानं, पाय वाजवत परत आली.

नाथाजीनं मान वर केली. त्याच्या नळीएवढ्या उजेडात ती आली.

‘‘आलीस? गाडीला उशीर झाला वाटतं.’’

‘‘व्हय. आत्ताच उतरले,’’ ती म्हणाली. ‘‘काय म्हनलं डाक्टर?’’

‘‘काय न्हाई. नंबर वाढलाय.’’

‘‘एवडंच व्हय?’’ बनुबाई त्याच्या उजव्या बाजूला बसली. ‘‘मग बरं झालं. मी उगंच भ्याले.’’